न बोलावलेला मुनीम

पापडीच्या बाजारात धान्य व किराणा मालाची एक जुनी पेढी आहे. २०२५च्या दिवाळीत तेथे चोपडापूजन नेहमीप्रमाणेच झाले. लाल कापडी पुठ्ठ्याची वही, तिच्यावर कुंकवाचा स्वस्तिक, ‘शुभ’ आणि ‘लाभ’. शेजारी, गेल्या काही वर्षांच्या रीतीप्रमाणे, संगणक. त्या वर्षी संगणक मात्र नवा होता. जुना २०१६ साली घेतलेला, आणि तो बिघडलेला नव्हता. रोजमेळ, खतावणी, उधारीची यादी, जीएसटीची विवरणपत्रे ही सारी कामे तो मुकाट्याने करीत होता. तरीही ऑक्टोबरमध्ये त्याच्या पडद्यावर एक सूचना झळकू लागली, की आता नवे यंत्र घ्यावे.

सूचनेमागचे कारण खरे होते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, थांबवला. विंडोज ११ घालावी तर तिला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७च्या अखेरीनंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणून धडधाकट यंत्रे एका तारखेला ‘जुनी’ ठरली. आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवण्याची सोय कंपनीने ठेवली आहे. सेटिंग्जची नोंद कंपनीच्या खात्यात जतन करू दिली, तर ती विनाशुल्कही मिळते. पेढीवर हे कोणाच्या कानावर आले तेव्हा नव्या यंत्राचे पैसे चुकते झाले होते. ज्यांच्याकडे जुना संगणक अजून चालू आहे, त्यांनी खरेदीपूर्वी एवढे तरी पाहून घ्यावे.

नव्या संगणकावर पहिल्या संध्याकाळी नातवाने उधारीचे कोष्टक उघडले. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेला हा मुलगा आणि बाजूला चष्मा पुसत बसलेले आजोबा. ज्या चौकटीवर बाण न्यावा, तिच्याशेजारी एक रंगीत चिन्ह उमटे आणि मदत देऊ करी. एकदा, दोनदा, दहादा.

“हा कोण मधे मधे बोलतोय?” आजोबांनी विचारले.

“दादाजी, तो एआय आहे. आपण सांगाल ते करून देतो.”

“आपण त्याला बोलावलं का?”

“नाही. तो यंत्राबरोबरच येतो.”

आजोबा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मुनीम ठेवताना आपण त्याचं गाव विचारतो. आधी कोणाच्या पेढीवर होता, तिथून का निघाला, तेही विचारतो. सहा महिने तिजोरीची किल्ली देत नाही. याला सरळ गादीवर कोणी बसवलं?”

नातवाला हसू आले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

हिशेबाचे साधन दोन गुणांवर विश्वासाला पात्र ठरते. तेच आकडे दिले, तर आज, उद्या आणि लेखापरीक्षकासमोरही तेच उत्तर यावे. आणि ते कसे आले, हे बोट ठेवून दाखवता यावे. बेरजेचे साधे सूत्र या दोन्ही कसोट्यांना उतरते. भाषेवर चालणारी एआय निराळ्या जातीची आहे. ती पुढचा संभाव्य शब्द वा आकडा जुळवते; तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर बदलू शकते. पत्राचा मसुदा करताना हा दोष फारसा बोचत नाही. खतावणीत तो चालतच नाही.

ही शंका केवळ जुन्या वळणाच्या व्यापाऱ्याची नव्हे. ऑगस्ट २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये ‘कोपायलट’ नावाचे सूत्र चाचणीसाठी आणले. त्याच्याच मार्गदर्शिकेत कंपनीने लिहिले, की अचूकता किंवा पुन्हा तेच उत्तर हवे असलेल्या कामासाठी, आकडेमोडीसाठी, तसेच कायदेशीर वा नियामक परिणाम असलेल्या कामासाठी ते वापरू नये; एक्सेलची नेहमीची सूत्रे वापरावीत. आता पेढीवरचे कोष्टक या तिन्हींखेरीज आणखी कशासाठी असते? तराजू विकणाऱ्याने ‘वजनासाठी वापरू नये’ अशी चिठ्ठी आत ठेवावी, त्यातला हा प्रकार. चिठ्ठी प्रामाणिक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ती किती जण वाचतात, हा प्रश्न उरतो.

न पडताळलेल्या उत्तराचा चटका किती बसतो, हे मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या केएमजी वायर्स या कंपनीच्या प्रकरणात दिसले. कंपनीने सुमारे ३.०९ कोटी रुपये उत्पन्न दाखवले होते; फेसलेस आकारणीत ते २७.९१ कोटी ठरवले गेले. आदेशात आधार म्हणून दिलेले तीन न्यायनिवाडे अस्तित्वातच नव्हते. ऑक्टोबर २०२५मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द करून प्रकरण नव्याने विचारासाठी परत पाठवले आणि बजावले, की एआयच्या या युगात यंत्राने दिलेले निष्कर्ष डोळे झाकून स्वीकारायचे नसतात, ते पडताळायचे असतात. कंपनीला न्यायालयाची पायरी गाठता आली. लहान दुकानदाराच्या नावे अशी नोटीस आली असती, तर वकिलाची फी आणि झोप दोन्ही गेली असती.

सक्तीची दुसरी बाजू पैशाची. ऑस्ट्रेलियात ग्राहकहिताची देखरेख करणाऱ्या आयोगाने २७ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टवर दावा दाखल केला. सुमारे २७ लाख वर्गणीदारांना एआयसह वाढीव दर कळवला. पण एआय नसलेली जुन्याच दराची ‘क्लासिक’ योजना उपलब्ध आहे, हे स्पष्ट सांगितले नाही, असा आरोप. वर्गणी रद्द करायला निघालेल्यालाच ती योजना वाटेत दिसे. वैयक्तिक योजनेचा वार्षिक दर १०९ ऑस्ट्रेलियन डॉलरवरून १५९ झाला होता. पुढच्याच महिन्यात कंपनीने तेथील ग्राहकांची क्षमा मागून परताव्याची तयारी दर्शवली. वर्गणीचे पैसे कार्डावरून आपोआप वळते होत असतील, तर दर बदलला का, यावर लक्ष ठेवावे लागते.

ग्राहकांनी आवाज उठवला तर फरक पडतो, याचेही उदाहरण आहे. पडद्याची चित्रे ठरावीक अंतराने टिपून ठेवणारी ‘रिकॉल’ ही सोय मे २०२४मध्ये जाहीर झाली. व्यापाऱ्याच्या पडद्यावर बँकेची शिल्लक, गिऱ्हाइकांची उधारी, खरेदीचा भाव, सगळेच असते. सुरक्षातज्ज्ञांनी टीका केल्यावर ती लांबणीवर पडली आणि २०२५मध्ये आली तेव्हा वापरणाऱ्याने स्वतः चालू केल्याखेरीज ती चालणार नाही, अशा रूपात आली. भारताच्या वित्त मंत्रालयानेही जानेवारी २०२५मध्ये कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत, असे आपल्या कर्मचाऱ्यांना कळवले होते.

नव्याच्या हव्यासात साध्या गोष्टींची उपेक्षा होते, ती वेगळीच. जवळजवळ तीस वर्षे विंडोजबरोबर फुकट येणारे ‘वर्डपॅड’ २०२४च्या आवृत्तीतून काढून टाकले गेले. मजकूर टिपण्यापुरते असलेले ‘नोटपॅड’ मात्र आता मजकूर बदलून लिहून देऊ पाहते.

पापडीच्या त्या पेढीवर एआयला बंदी नाही. कोचीच्या मिरी-व्यापाऱ्याला इंग्रजी पत्र धाडायचे होते, तेव्हा नातवाने मसुदा तिच्याकडूनच करून घेतला. आजोबांनी तो ऐकला, एक वाक्य बदलायला लावले आणि पत्र गेले. त्यांचे म्हणणे एवढेच, की विचारल्यावर बोलावे.

एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, कोपायलट या वाटेने गेल्यास ‘एनेबल कोपायलट’ या चौकटीतील खूण काढता येते. हा पर्याय सर्वच आवृत्त्यांत मिळेल असे नाही. नातवाला तो मिळाला. खूण काढल्यावर ते रंगीत चिन्ह नाहीसे झाले. नंतर उधारीच्या यादीची बेरीज सूत्राने झाली आणि आजोबांनी तीच बेरीज कागदावर केली. दोन्ही जुळल्या.

तेव्हा आजोबांनी लाल वहीचे शेवटचे पान उघडले. वरच्या ओळीत संगणक घेतल्याची तारीख व किंमत लिहिली. तिच्याखाली ‘एआय बंद केले’ असे लिहून त्या दिवसाची मिती घातली. नातू वही मिटू लागला, तसे त्यांनी त्याचा हात थांबवला आणि “पुढच्या अपडेटनंतर बघू,” असे म्हणत पट्टी लावून खाली आणखी चार ओळी आखून ठेवल्या.