आधी तारीख बघा!

महिनाअखेरीला मसाल्याच्या ऑर्डरींची बिलं करायला बसलात आणि संगणक म्हणाला, ‘परवान्याची मुदत संपली’, तर मैत्रिणींनो, लगेच पैसे भरून नवा परवाना घेऊ नका. आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. सालसुद्धा बघा बरं का! दिवस-महिना बरोबर आणि साल भलतंच, असंही होतं.

आज तारीख काय, हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बहुधा संगणकाच्या घड्याळालाच विचारतं. घड्याळ पुढे गेलं की मुदत संपली. मागे गेलं, तर परवाना अजून सुरूच व्हायचाय! शिवाय तारीख मागे गेलेली दिसली की काही सॉफ्टवेअरना संशय येतो, फुकटची मुदत लांबवायला कुणी मुद्दाम काटे फिरवले की काय, आणि ती कुलूपच लावून बसतात. (तेव्हा ती युक्ती नकोच.)

मेन स्विच बंद केल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल, तर आतला सेल संपलेला असणार. डेस्कटॉपमध्ये बहुतेक सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या. मग तारीख नि भारताची वेळ लावा, इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. तरीही अडलं, तर खरेदीचं बिल हाताशी ठेवून कंपनीला फोन करा.

जुना सेल मात्र मुलांच्या हाती पडू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका आतून भाजते. अशा वेळी तडक दवाखाना गाठावा.