भाग्यवान जागा?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेहून निघालेले विमान कोसळले. आतल्या २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. तो ‘११-ए’ या जागेवर, संकटकालीन दाराशेजारी बसला होता. झाले! ती जागा ‘भाग्यवान’ ठरली.

एका उदाहरणावरून नियम बांधणे मला पटत नाही. १९८५ साली जपानमधील अपघातात ५२४ पैकी चौघी वाचल्या. त्या मागच्या भागात होत्या. उलट १९७७ साली टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर झाली, तेव्हा वाचलेल्या ६१ जणांत पुढे बसणारे वैमानिकही होते. मग कोणती जागा मागाल? शिवाय ११-ए प्रत्येक विमानात दाराशेजारी नसतेच.

आरामाचे मात्र गणित सोपे आहे. सी-सॉच्या टोकाला हेलकावे जास्त, मध्याशी कमी. विमानही गुरुत्वमध्याभोवती डोलते. म्हणून पोटात ढवळत असेल तर पंखांजवळ बसा. (खिडकीतून ढगांऐवजी पंख दिसेल, त्याला इलाज नाही!)

सुरक्षिततेसाठी बसल्या जागी पट्टा बांधलेला ठेवा आणि दारापर्यंतच्या रांगा मोजा; मागच्या दारापर्यंतच्यासुद्धा. धुरात दिसत नाही, तेव्हा त्या हाताने चाचपतच मोजाव्या लागतात.