नोटरीचा शिक्का कुठवर पुरतो?

मैत्रिणींनो, "नोटरी करून घेतलंय, आता काळजी नाही," हे वाक्य आपल्या घरांतून किती सहज बोललं जातं! प्लॉट घेतला, वरची खोली भाड्याने दिली, भावाबहिणींत वाटणी झाली, की कचेरीजवळच्या टेबलाशी जायचं, स्टॅम्पपेपरवर मजकूर टाइप करून घ्यायचा, गोल शिक्का मारून आणायचा आणि कागद कपाटात साड्यांखाली ठेवून द्यायचा. पुढे कर्ज काढायची किंवा घर विकायची वेळ येते, तेव्हा कुणीतरी सांगतं, "बाई, या कागदाने घर तुमचं होत नाही." तोवर पैसे गेलेले असतात, आणि पुष्कळदा तो माणूसही गेलेला असतो.

म्हणून आधी नोटरी म्हणजे कोण ते पाहू. १९५२ च्या नोटरी कायद्याखाली केंद्र किंवा राज्य सरकार अनुभवी वकिलांना नोटरी म्हणून नेमतं. सर्वसाधारणपणे १० वर्षांची वकिली लागते, स्त्री वकिलाला ७ वर्षं पुरतात. नोटरीचं काम म्हणजे समोर आलेली व्यक्ती तीच आहे ना हे पाहणं, तिची सही आपल्यासमोर घेणं, शपथेवर प्रतिज्ञापत्र करून घेणं, मूळ कागद पाहून नक्कल खरी असल्याचा दाखला देणं आणि या सगळ्याची आपल्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवणं. "ही सही हिनेच केली" एवढं तो शिक्का सांगतो. घर कुणाचं, हे तो ठरवत नाही. सारी गोम इथेच आहे.

एवढं कामही थोडं नाही हं! आपल्या बायकांना तर त्याची फार गरज पडते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करता येतं. हरवलेल्या कागदाबद्दलचं प्रतिज्ञापत्र, प्रमाणित नकला, बँकेला लागणारं हमीपत्र, बाहेरगावी असलेल्या मुलाने दिलेलं मुखत्यारपत्र, ही सगळी नोटरीची कामं. मात्र स्वतः जा. "तुम्ही कशाला येता वहिनी, सही करून द्या, मी शिक्का मारून आणतो," असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. समोर न केलेल्या सहीवरचा शिक्का पुढे कोर्टात टिकणं कठीण.

आता तो कुठे पुरत नाही ते बघा.

घर किंवा प्लॉट खरेदी. १०० रुपयांहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, आणि तेही सह्या झाल्यापासून साधारणपणे ४ महिन्यांच्या आत. ही नोंद सरकारी दप्तरात राहते. पुढचा घेणारा इंडेक्स टू पाहून खात्री करू शकतो. नोटरीचं रजिस्टर असं कुणी शोधायला जात नाही. म्हणून तर एकच प्लॉट नोटरीवर दोघातिघांना विकण्याचे प्रकार घडू शकतात. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि सौद्याच्या कागदावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. शिवाय मुखत्यारपत्र देणारा वारला की ते सर्वसाधारणपणे संपतंच.

बक्षीसपत्र. सासूबाईंनी प्रेमाने घर सुनेच्या नावे लिहून दिलं, तरी दोन साक्षीदार आणि नोंदणी नसेल तर ते प्रेम कागदावरच राहतं.

भाडेकरार. आपल्या राज्यात करार ११ महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम तुमच्याकडे येतं.

फारकत. स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहून नोटरी केल्याने लग्न मोडत नाही. नोटरींनी लग्नाची किंवा घटस्फोटाची असली प्रतिज्ञापत्रं करू नयेत, असं केंद्र सरकारने २०२४ मध्ये त्यांना बजावलं आहे.

आणि हक्कसोडपत्र. वडिलांची तेरावी झाली की भाऊ म्हणतो, "ताई, इथे फक्त एक सही कर." डोळ्यांत पाणी असताना कोण वाचत बसतं? पण वाचायचंच. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. घराजमिनीवरचा हक्क सोडायचा तर तेही नोंदवूनच सोडावं लागतं. हक्क सोडायचा की ठेवायचा, हे तुमचं तुम्ही ठरवा. भावाच्या अडचणीकडे पाहून सोडलात तर त्यात गैर काही नाही. पण काय सोडतो आहोत हे माहीत असू द्या, आणि "घरी नेऊन वाचते" म्हणायला लाजू नका.

मृत्युपत्राची गोष्ट मात्र उलटी आहे. तिथे स्टॅम्पपेपर लागत नाही, नोटरी लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहा, सही करा. दोन साक्षीदारांनी तुमची सही पाहिली पाहिजे आणि त्यांनीही तुमच्यासमोर सह्या केल्या पाहिजेत. ज्यांना त्यातून काही मिळायचं आहे ते साक्षीदार नकोत, आणि आपल्याहून वयाने लहान असलेले बरे. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलंत तर पुढची शंका कमी होते. मन बदललं तर नवं करता येतं, शेवटचं खरं. मुस्लिम कुटुंबांत वारशाचे नियम वेगळे आहेत, तिथे जाणत्या वकिलाला विचारावं.

"माझं आहे काय, म्हणून मी मृत्युपत्र करू?" असं म्हणू नका. हिंदू विवाहित स्त्री मूलबाळ नसताना, पती आधीच वारलेला असताना आणि मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेलं घर आधी पतीच्या वारसांकडे जातं, तिच्या आईवडिलांकडे नंतर. १९५६ च्या वारसा कायद्यात हे असंच लिहिलेलं आहे. पगारातून घर उभं करणाऱ्या बाईने हे जरूर ध्यानात ठेवावं. बँकेतलं नॉमिनीचं नावही मालकी देत नाही. नॉमिनीने पैसे घेऊन वारसांना द्यायचे असतात.

आपल्या यवतमाळच्या कापूसपट्ट्यात तर बाई जन्मभर वावरात राबते आणि सातबाऱ्यावर नाव फक्त यजमानांचं. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्यांना जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायला सांगितलं. १९९२ मध्ये शासनानेही पतीच्या अर्जावरून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. हे काम तलाठी कार्यालयाचं, नोटरीचं नाही. पती हयात असताना दोघांनी जाऊन विचारलेलं बरं. घर चालवणारा माणूस अचानक गेल्यावर कागद गोळा करणं किती जड जातं, हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तेव्हा या रविवारी एवढं करा. घरातले सगळे कागद एका फाइलीत लावा. प्रत्येकावर पेन्सिलीने लिहा : नोटरी, नोंदणी की नुसती सही. ज्या मिळकतीच्या कागदावर फक्त नोटरीचा शिक्का असेल तो बाजूला काढा आणि दाखवून घ्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, तिथे मोफत कायदेशीर मदत मागता येते. जाताना मूळ कागद आणि एक नक्कल घ्या. मूळ कागद मात्र कुणाच्याही हाती ठेवून येऊ नका.