संस्कृतिभेदाची ढाल आणि नीतीशी फारकत

व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमांत गेली चार दशके एक सिद्धांत मोठ्या प्रतिष्ठेने शिकविला जातो. प्रत्येक राष्ट्राची एक मनोघडण असते आणि त्या राष्ट्रातील व्यवस्थापक त्या घडणीनुसारच निर्णय घेतो, असे हा सिद्धांत सांगतो. गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांची पाहणी करून १९८० मध्ये त्याची मांडणी केली. त्यांचेच देशबांधव फॉन्स ट्रॉम्पेनार्स यांनी पुढे एक प्रश्न लोकप्रिय केला. ताशी २० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर तुमचा मित्र ३५ मैलांच्या वेगाने गाडी हाकतो आणि पादचाऱ्याला धडक देतो. साक्षीदार एकटे तुम्हीच. मित्रासाठी खोटी साक्ष द्याल काय? स्विस आणि अमेरिकी व्यवस्थापक बहुसंख्येने नियमाच्या बाजूने उभे राहिले, तर आशिया व लॅटिन अमेरिकेतील अनेकांची उत्तरे मित्राकडे झुकली. यावरून सोयीचा निष्कर्ष निघाला तो असा की, पश्चिमेचा व्यवस्थापक नियमनिष्ठ आणि पूर्वेचा संबंधनिष्ठ!

अभिवादन कसे करावे, बैठकीत आधी कोणी बोलावे, नकार कोणत्या शब्दांत द्यावा, हे संस्कृतीनुसार बदलते यात शंका नाही. ‘देश तसा वेश’ ही म्हण आपल्याकडेही आहे. पण ती वेशापुरतीच आहे. देश बदलला म्हणून सचोटी बदलावी, असे कोणत्याही संस्कृतीने सांगितलेले नाही. जेथे लाच दिली जाते, तेथील सामान्य माणूसही तिला लाचच म्हणतो आणि ती अंधारातच दिली जाते. ती खरोखर त्या समाजाची रीत असती, तर लपवावी का लागली असती?

नियमनिष्ठांचा पूर्वेतिहास

अमेरिकेच्या लॉकहीड विमान कंपनीने आपली विमाने खपविण्यासाठी परदेशांत पैसे पेरल्याचे १९७६ मध्ये उघड झाले. जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तनाका यांना अटक झाली. नेदरलँड्सच्या राणीचे पती प्रिन्स बर्नहार्ड यांना आपली लष्करी पदे सोडावी लागली. मनोघडणीचे हे सिद्धांतकार ज्या देशातले, त्या देशाच्या राजघराण्यापर्यंत हे प्रकरण पोहोचले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यानंतरच, १९७७ मध्ये, अमेरिकेने परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणे हा गुन्हा ठरविला.

जर्मनीची कथा याहून बोलकी आहे. परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच जर्मन कंपनीला १९९९ पर्यंत व्यवसायाचा खर्च म्हणून दाखविता येत असे आणि तेवढ्या रकमेवर करात सवलतही मिळत असे. स्वदेशात जो गुन्हा, तोच सीमा ओलांडताच खर्चाची बाब! या वातावरणात वाढलेल्या सीमेन्स कंपनीने डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला. अमेरिका आणि जर्मनी मिळून तिला सुमारे १६० कोटी डॉलर भरावे लागले. हे व्यवस्थापक काही बेशिस्त समाजात वाढलेले नव्हते. त्यांनी नियम पाळला, पण आपल्या घरापुरता.

अगदी अलीकडे, १० फेब्रुवारी २०२५ रोजी, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याच १९७७ च्या कायद्याखालील नव्या चौकश्या १८० दिवस थांबविण्याचा आदेश काढला. या कायद्यामुळे अमेरिकी कंपन्या स्पर्धेत मागे पडतात, हे त्याचे कारण होते. जूनमध्ये नव्या मार्गदर्शक सूचनांसह अंमलबजावणी पुन्हा सुरू झाली. परंतु नियमनिष्ठा ही बाजाराच्या सोयीने सैल करता येते, हे जगाने पाहिले.

दाभोळचे ‘शिक्षण’

महाराष्ट्राला हा धडा पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. एन्रॉनचे पथक भारतात आले आणि अवघ्या काही दिवसांत, २० जून १९९२ रोजी, सामंजस्य करारावर सह्या झाल्या. स्पर्धात्मक निविदा मागविल्याच गेल्या नाहीत. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे मत जागतिक बँकेने १९९३ मध्ये दिले. तरीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात वीजखरेदी करार झाला. वीज घ्या अथवा न घ्या, स्थिर आकार भरलाच पाहिजे, असे जोखड राज्य वीज मंडळाच्या मानेवर आले.

१९९५ मध्ये कंपनीच्या एका अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितले की, प्रकल्पाच्या उभारणीखर्चाव्यतिरिक्त, शिक्षण आणि प्रकल्पाची पूर्वतयारी यांवरच सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले. ही लाच होती, असे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. प्रश्न त्या शब्दामागच्या वृत्तीचा आहे. आपला व्यवहार तपासला जाण्यास पात्र आहे, असे या व्यवस्थापकांना वाटलेच नाही. त्यांच्या लेखी अडाणी ठरला तो शंका विचारणारा यजमान! गुहागर परिसरातील ग्रामस्थ आंदोलनास उतरले तेव्हा त्यांच्यावर कारवाई करणाऱ्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हे ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या अमेरिकी संस्थेनेच १९९९ च्या अहवालात नमूद केले. आणि याच कंपनीने जुलै २००० मध्ये ६४ पानांची नीतिसंहिता काढली होती. आदर आणि सचोटी ही तिची घोषित मूल्ये होती. २००१ च्या मे महिन्यात वीज मंडळाने खरेदी थांबविली आणि डिसेंबरात एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

आरसा आपल्याही समोर

मात्र सगळे खापर परकीयांच्या माथी फोडून मोकळे होता येणार नाही. करारावर सह्या करणारे हात येथलेच होते. ऑगस्ट १९९५ मध्ये युती शासनाने करार रद्द केला, तेव्हा राज्यभर समाधान व्यक्त झाले. त्याच शासनाने पुढल्याच वर्षी फेरवाटाघाटी करून प्रकल्पाला पुन्हा वाट दिली, हेही तितकेच खरे.

भारतीय कंपन्या जगाच्या बाजारात उतरल्यावर काय घडले? अयोग्य लाभ दिल्याच्या कारणावरून जागतिक बँकेने २००८ मध्ये एका भारतीय कंपनीला आठ वर्षांसाठी अपात्र ठरविले. लाभ घेणारे बँकेचेच कर्मचारी होते. त्या कंपनीचे नाव होते सत्यम! पुढे जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षांनीच हिशेबातील हजारो कोटींच्या बनावटीची कबुली दिली. तेथे कोणत्या संस्कृतिभेदाकडे बोट दाखवायचे?

परंपरेचा खरा दंडक

नीतीचा दंडक भारताला आयात करावा लागत नाही. कौटिल्याचे अर्थशास्त्र परदेशी माल आणणाऱ्या व्यापाऱ्याला सवलती द्यावयास सांगते. पण लाभ कितीही मोठा असला, तरी प्रजेला तो जाचक ठरत असेल, तर तो सोडून द्यावा, असेही बजावते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने अठराव्या शतकाच्या आरंभी टोपीकरांविषयी दिलेला इशारा तर कोकणच्या किनाऱ्याला उद्देशूनच वाटावा. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांची राज्ये उभी आहेत. म्हणून व्यापार जरूर करू द्यावा, पण समुद्रकाठी बस्तान बसवू देऊ नये. ही भूमिका द्वेषाची नव्हे, सावधपणाची आहे.

या दंडकावर परदेशी सहकार्य किती फलदायी होते, याचे उदाहरण दिल्ली मेट्रोने दिले. पैसा मोठ्या प्रमाणात जपानी कर्जाचा, तंत्रज्ञ आणि कंत्राटदार अनेक देशांचे. तरीही शिस्त ई. श्रीधरन यांनी घालून दिलेली. पहिला मार्ग डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाला आणि संपूर्ण पहिला टप्पा २००५ मध्ये मुदतीच्या बराच आधी पुरा झाला. वेळेचा आणि सुरक्षेचा काटेकोरपणा जपान्यांकडून घेण्यात कोणालाही कमीपणा वाटला नाही. संस्कृती भिन्न असूनही सचोटीची भाषा सर्वांना समजली, कारण यजमानाचा कणा ताठ होता.

आज मराठी मध्यमवर्गीय घरांतील मुले-मुली आखातात, आफ्रिकेत आणि युरोपात प्रकल्पांची सूत्रे सांभाळीत आहेत. ‘येथे असेच चालते’ हे वाक्य त्यांच्या कानी केव्हा ना केव्हा पडणारच. एन्रॉनच्या माणसांनी ते महाराष्ट्राविषयी उच्चारले असेल, तर आपल्याला संताप येतो. तेच वाक्य भारतीय व्यवस्थापकाने केनियाविषयी किंवा बांगलादेशाविषयी उच्चारले, तर तो संताप कोणत्या तोंडाने करायचा? परक्या भूमीतील माणसाला आपल्याइतकेच न्यायाचे अधिकारी मानणे, हीच सुसंस्कृतपणाची कसोटी आहे. त्या कसोटीत उतरण्यासाठी ६४ पानांची संहिता लागत नाही. त्यासाठी घरातला संस्कार परदेशी जाणाऱ्या सामानात बांधून न्यावा लागतो.