व्यापाऱ्याच्या घरातील कल्पना

आपल्या मालेगाव तालुक्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ हे आपणा सर्वांचे श्रद्धास्थान. मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी विराजमान आहे, या श्रद्धेतून हे नाव रूढ झाले. त्यामुळे किन्हीराजा परिसरातील जैन कुटुंबांत ‘अंतरिक्ष’ हा शब्द मुलांच्या कानांवर पाळण्यापासूनच पडतो. पुढे तोच शब्द शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात भेटतो. तेथे एखाद्या कन्येला त्याची ओढ लागली, तर घरातील वडीलधाऱ्यांनी काय करावे? या प्रश्नाच्या निमित्ताने हरियाणातील करनाल येथील एका व्यापारी कुटुंबाची हकीकत या वेळी सांगावीशी वाटते.

बनारसीलाल चावला फाळणीच्या वेळी पश्चिम पंजाबातून विस्थापित होऊन आले. आरंभी मिळेल तो किरकोळ व्यवसाय करून त्यांनी संसार उभा केला आणि पुढे करनालमध्ये टायरचा कारखाना काढला. त्यांच्या चार अपत्यांपैकी सर्वांत धाकटी मुलगी म्हणजे विमानशास्त्राच्या अभियंत्या आणि अंतराळवीर कल्पना चावला. घरी तिला ‘मोंटो’ म्हणत. शाळेत नाव घालण्याची वेळ आली, तेव्हा सुचवलेल्या नावांतून ‘कल्पना’ हे नाव तिने स्वतः निवडले.

करनालला फ्लाइंग क्लब होता. लहान विमाने घरांवरून उडत, मुले गच्चीवरून ती पाहत. मुलांनी हट्ट धरला, तेव्हा वडिलांनी त्यांना क्लबमध्ये नेले आणि ‘पुष्पक’ विमानातून व ग्लायडरमधून एक फेरी घडवून आणली. पुढे एका मुलाखतीत कल्पना यांनी या फेरीची आठवण सांगितली. भारतात टपालाचे विमान चालवणारे जे. आर. डी. टाटा यांचे नावही त्याच मुलाखतीत त्यांनी प्रेरणास्थान म्हणून घेतले. १९३२ साली कराचीहून मुंबईच्या जुहू येथे उतरलेल्या त्या उड्डाणाचा संस्कार हरियाणातील एका मुलीवर झाला होता.

मुलीने डॉक्टर किंवा शिक्षिका व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. अभियांत्रिकी हे मुलींचे क्षेत्र नव्हे, असा त्या काळचा समज. त्यातही विमानशास्त्र! चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये प्राध्यापकांनीही त्यांना दुसरी शाखा घेण्याचा सल्ला दिला. कल्पना ठाम राहिल्या. १९८२ साली त्यांनी पदवी घेतली, १९८४ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि १९८८ साली कोलोराडो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. परदेशी जाण्याचा प्रश्न आला तेव्हाही घरात संकोच होताच. परंतु एकदा निर्णय झाल्यावर कुटुंब पाठीशी उभे राहिले. व्यापाऱ्याच्या घरात मोठी रक्कम कोठे गुंतवावी याचा विचार रोज होतो. या पित्याने ती कन्येच्या विद्येत गुंतवली.

त्यांचे नाव जगाला कळण्यापूर्वीची वर्षे शांत आणि कष्टाची होती. १९८८ पासून नासाच्या एम्स संशोधन केंद्रात त्या संगणकाच्या साह्याने हवेच्या प्रवाहांचा अभ्यास करीत. जागच्या जागी सरळ वर उठणारे व खाली उतरणारे ‘हॅरियर’सारखे विमान जमिनीजवळ आले की त्याच्या इंजिनाचा उष्ण झोत जमिनीवर आपटून पुन्हा विमानाकडे उसळतो. त्या गुंतागुंतीच्या प्रवाहाचे गणित मांडणे, हे त्यांचे काम. डिसेंबर १९९४ मध्ये अंतराळवीर म्हणून त्यांची निवड झाली. नोव्हेंबर १९९७ मध्ये ‘कोलंबिया’ यानातून त्यांनी पृथ्वीभोवती २५२ प्रदक्षिणा केल्या. अंतराळात जाणाऱ्या त्या भारतात जन्मलेल्या पहिल्या महिला ठरल्या.

याच मोहिमेत ‘स्पार्टन’ नावाचा उपग्रह सोडताना बिघाड झाला आणि बोट त्यांच्याकडे दाखवले गेले. अनेक महिन्यांच्या चौकशीअंती संगणक प्रणाली आणि ठरवून दिलेली कार्यपद्धती यांतील त्रुटी पुढे आल्या. त्या काळात त्यांनी आपले काम सोडले नाही, आणि पुन्हा उड्डाणासाठी त्यांची निवड झाली.

१६ जानेवारी २००३ रोजी त्यांनी दुसऱ्यांदा उड्डाण केले. सुमारे सोळा दिवसांत सात जणांच्या चमूने ऐंशीच्या आसपास प्रयोग केले. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. चित्रफितीत तो दिसला, अभियंत्यांनी शंकाही उपस्थित केली. व्यवस्थापनाने तिला पुरेसे महत्त्व दिले नाही. १ फेब्रुवारीला परतताना पंखाच्या छिद्रातून अतितप्त वायू आत शिरले आणि उतरण्यास सुमारे सोळा मिनिटे उरली असताना यान आकाशातच विखुरले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. खतावणीतील लहानशी तफावत दुर्लक्षिली तर पेढी कशी बुडते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

कल्पना शाकाहारी होत्या, हे आपल्या वाचकांना विशेष वाटेल. परदेशात, इतक्या कठोर प्रशिक्षणातही, त्यांनी आहाराचा नियम सांभाळला. ज्या करनालच्या टागोर बालनिकेतन शाळेत त्या शिकल्या, तेथील दोन विद्यार्थ्यांना दरवर्षी नासाच्या शिबिरास जाता यावे, अशी व्यवस्था त्यांच्या पुढाकाराने १९९८ पासून सुरू झाली. जे मिळाले त्यातील वाटा पुढच्यांना देणे, हा दानधर्मच.

१२ सप्टेंबर २००२ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या भारताच्या हवामान उपग्रहाला, त्यांच्या निधनानंतर चार दिवसांनी, ‘कल्पना-१’ हे नाव देण्यात आले. पुढे अनेक वर्षे त्याने ढगांची छायाचित्रे पाठवली. ज्या पावसावर आपल्या भागातील सोयाबीन, तूर आणि त्यांचा सारा व्यापार अवलंबून आहे, त्या पावसाची वार्ता देण्याच्या कामी करनालच्या एका व्यापारी-कन्येचे नाव लागले.

आज वाट तेव्हापेक्षा मोकळी आहे. पवई येथील आयआयटीत एरोस्पेस अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. तिरुवनंतपुरम येथे अवकाश विभागाची स्वतंत्र शिक्षणसंस्था २००७ पासून कार्यरत आहे. दोन्हींसाठी जेईई परीक्षेची तयारी लागते, आणि त्याकरिता अकरावीलाच गणित व भौतिकशास्त्र घ्यावे लागते. म्हणजे खरा निर्णय दहावीच्या निकालानंतरच्या काही दिवसांतच होतो. आपल्या घरांत त्या दिवसांत मुलाच्या शाखेची चर्चा चार जणांत बसून होते. मुलीसाठी मात्र ‘जवळचे कॉलेज, सोपी शाखा’ असे उरकले जाते. पुढे लग्न व्हायचेच आहे, हे कारण न बोलताही सर्वांना ठाऊक असते.

या जूनमध्ये आपल्या घरी दहावी झालेली कन्या असेल, तर तिला एकदा समोर बसवून विचारावे, की तुला काय शिकायचे आहे. तिचे उत्तर आपल्या परिचयाचे नसले, तरी ते पूर्ण ऐकून घ्यावे आणि प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी घरात त्यावर बोलणे करावे.