डुलकीची शिक्षा बडतर्फी?

कामाच्या वेळी झोपलेल्या कामगाराला बडतर्फ करणे न्याय्य ठरते का? पुण्यातील भारत फोर्ज कंपनीच्या प्रकरणात हा प्रश्न दोन दशके न्यायालयांत रेंगाळला. ऑगस्ट १९८३ मध्ये एक कामगार दिवसाढवळ्या झोपलेला आढळला. कामगार न्यायालयाला बडतर्फी अवाजवी वाटली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००५ मध्ये ती ग्राह्य धरली. यापूर्वी तीनदा गैरवर्तनाबद्दल त्याला सौम्य शिक्षेवर सोडण्यात आले होते, हा पूर्वेतिहास महत्त्वाचा ठरला.

राज्याच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याने किरकोळ चुकीबद्दल, पूर्वीची सेवा न पाहता, धक्कादायक ठरेल इतकी कठोर शिक्षा करून कामावरून काढणे अनुचित ठरवले. त्यामुळे केवळ नियमभंग सिद्ध होणे पुरेसे नाही. सुधारण्याची संधी न देता पहिल्याच चुकीला भाकरी हिरावणे न्यायाच्या तराजूत तोकडेच पडेल.