इंधनाचे संस्कार आणि भेसळ

खोपोलीहून खंडाळ्याकडे बोरघाट चढतांना एखाद्या जुन्या मोटारीच्या एंजिनांतून हातोडीचे घाव पडावेत तसा टक्टक् आवाज येऊं लागतो. चढावर एंजिनावर भार पडला म्हणजे नळकांड्यांतील कांहीं पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहतां आपोआप पेटतें. त्याचा हा आवाज. तो थांबविण्यासाठीं पेट्रोलांत कांहीं द्रव्यें घालतात. 'मिसळणें' म्हटलें कीं आपल्या मनांत भेसळीची शंका येते. परंतु द्रव्याच्या अंगीं नवा गुण आणणें यास आयुर्वेदांत संस्कार म्हणतात. मग संस्कार कोणता व भेसळ कोणती, हें ओळखावें कसें?

पहिली कसोटी उघडपणाची. जें मिसळलें तें प्रमाणासह जाहीर असावें. शिधावाटपाच्या रॉकेलांत निळा रंग घालण्याची पद्धत पडली ती याचसाठीं, कीं तें स्वस्त तेल महागड्या तेलांत चोरून ओततां येऊं नये. या चोरीमागें केवढें क्रौर्य दडलेलें असतें, हें मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजीं दिसलें. भेसळ पकडण्यास गेलेले मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांस तेथें जिवंत जाळण्यांत आलें.

दुसरी कसोटी लोकहिताची, आणि ती अधिक कठीण. १९२१ सालीं अमेरिकेंत थॉमस मिजली यांनीं शिशाचें एक संयुग पेट्रोलांत घालून तो टक्टक् आवाज बंद केला. मिश्रण उघड होतें, अल्प होतें, एंजिनासही मानवलें. पण तें शिसें धुराबरोबर रस्त्याकडेच्या घरांत शिरलें. आणि शिशानें लहान मुलांची बुद्धि मंदावते. १९२४ सालींच न्यूजर्सी प्रांतांतील एका कारखान्यांत पांच कामगार या विषानें दगावले होते. तरी भारतांत असलें पेट्रोल सर्वत्र बंद व्हावयास २००० साल उजाडलें. ज्यांनीं मोटारींत कधीं पाऊलही ठेविलें नाहीं, अशा मुलांनीं दुसऱ्यांच्या सुखकर प्रवासाची किंमत भरली.

आतां ऊस, मका, तांदूळ यांपासून केलेलें इथेनॉल पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत असतें. तेंही टक्टक् आवरतें. मात्र उष्णता कमी देत असल्यामुळें गाडी लिटरमागें थोडें कमी अंतर जाते. शिवाय इथेनॉलास पाण्याची ओढ फार. टाकींत पाणी शिरल्यास इथेनॉल त्याच्यासह तळाशीं बसतें, आणि एंजिनाकडे जाणारी नळी बहुधा तळाशींच असते. लोणावळ्यासारख्या धुवांधार पावसाच्या गांवीं तर टाकीचें झांकण घट्ट बसतें ना, हें अवश्य पाहावें. पेट्रोल महिनेच्या महिने टाकींत पडूं देऊं नये. आणि आपल्या गाडीस किती इथेनॉल चालतें, तें तिच्या माहितीपुस्तिकेंत वाचावें.

बाजारांत 'शक्तिवर्धक' म्हणून इंधनांत ओतावयाच्या बाटल्या मिळतात. त्या घेण्यापूर्वीं गृहस्थानें दोन प्रश्न विचारावेत: हींत आहे काय, आणि हिचा धूर कोणाच्या घरांत जाणार? पहिल्याचें उत्तर बाटलीवर नसेल, तर दुसऱ्याचें उत्तर मिळण्याची आशाच नको. ती बाटली दुकानांतच राहूं द्यावी.